दुपारी चढणारा आकडा

"गुओदोंगला उद्या हाकलतो!" लाय काकांनी पाहुण्यांना धड बसूही दिलं नाही. "चहाच्या भट्टीचा ताप दाखवणाऱ्या यंत्रावरचा आकडा दुपारी एकदम चढतो. आम्ही आच कमी करतो, आणि चहा कच्चा राहतो. त्यानेच यंत्रात खुडबुड केलीय."

शूयिन ही तैवानातल्या लुगूच्या डोंगरावरची एकमेव खासगी गुप्तहेर. ती शांतपणे चहा पीत होती. तिचा सोबती देमिंग मात्र लगेच भट्टीवाल्या गुओदोंगकडे डोळे वटारून बघू लागला.

"यंत्र बनवलं कुणी?" शूयिनने विचारलं.

"आमच्या वेइजेने," काकू आतून म्हणाल्या. "तैपेईला असतो."

"त्याचं नाव नको या घरात!" काका कडाडले. "बापाची भट्टी सोडून गेला तो."

गुओदोंग रडकुंडीला आला होता. "ताई, मी हातसुद्धा लावला नाही. आकडा चढतो तेव्हा यंत्राच्या पडद्याचा उजेड मंदावतो, एवढंच मला दिसतं. भट्टीतल्या काचेच्या थर्मामीटरचा पारा तर जागचा हलत नाही."

काकूंना विचारलं, तर त्या पोराचंच बोलत राहिल्या. "जाताना बजावून गेला, आई, यंत्राशेजारच्या विजेच्या खोबणीत दुसरं काही लावू नकोस, आकडा खोटं बोलेल." त्यांच्यामागे फळीवर सशाच्या आकाराचा, विजेवर चालणारा कागदी कंदील होता, वेइजेने शाळेत असताना केलेला. घरभर चहाची धूळ होती. कंदिलावर कणही नव्हता.

शूयिनने सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं आणि कंदिलाची वायर खोबणीत लावली. ससा उजळला, पडदा मंदावला, आकडा चढला.

"अरे बापरे, भूत!" देमिंग म्हणाला.

"भूत कसलं? ताप मोजणारी कांडी तापाप्रमाणे ठरावीक व्होल्ट देते. यंत्रातली चिप ते मोजते, पण यंत्राला येणाऱ्या विजेलाच मापाचा गज मानून. कंदील वीज ओढतो, गज आखडतो. आखूड गजाने मोजलं की तेच कापड जास्त भरतं. भट्टी होती तेवढीच गरम होती. आणि खोबणीची गोष्ट वेइजेने एकाच माणसाला सांगितली होती."

काकूंनी एप्रनला हात पुसले. "हो, रोज दुपारी कंदील मीच लावायचे. म्हटलं, यंत्र बिघडलं म्हणजे तरी पोराला बोलवाल. जीव तुटतो हो माझा. तुमचा नाही तुटत?"

"आणि माझी नोकरी, काकू?"

"चुकलंच रे बाबा माझं," काकू म्हणाल्या आणि रडू लागल्या.

काकांनी कंदिलाची वायर खोबणीतून काढली. "दुरुस्त होईल?"

"दोन मिनि—" देमिंगने तोंड उघडलं. शूयिनने त्याचा पाय तुडवला.

"चिपच्या पोटात तिचा स्वतःचा गज असतो, काका. बाहेरची वीज खालीवर झाली तरी तो सहसा हलत नाही. फक्त प्रत्येक चिपचा थोडा वेगळा असतो, म्हणून थर्मामीटर शेजारी ठेवून एकदा जुळवावा लागतो. ज्याने यंत्र बनवलं त्यानेच ते करावं. आमच्याच्याने नाही व्हायचं."

काकांनी फोन लावला. पलीकडून "बाबा?" असं ऐकू आलं. यंत्राचं सांगायला त्यांनी घसा खाकरला.

"जेवलास का रे?" त्यांनी विचारलं.