मकान खाली है

हसू नको, अभिनव. उद्या तुले कुरुदले घर पाहाले जायचं आहे न? घ्यायचं, भाड्यानं द्यायचं, मंग बसल्या जागी पैसा, असंच म्हणत होता न आत्ता जेवताना? तू माह्या बहिणीचा पोरगा, म्हणून सांगून राहिलो. साक्षी, तू सून असली तरी तूही बस. बायकोले माहीत नसलेलं घर नवऱ्यानं घेऊ नये. तो दरवाजा तेवढा लोटून घे, मच्छर येऊन राहिले. लाईट काही तासभर येत नाही.

शेषराव म्हणून माहा दोस्त होता. स्टील प्लांटमध्ये आम्ही तीस वर्षं एकाच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खात्यात. हात सोन्याचा. शॉपमधल्या सगळ्या पाट्या तोच रंगवे. त्याच्या 'ह'ची शेपटी पार खालपर्यंत लोंबे, अन् साहेब चिडे. "शेषराव, हा ह आहे का वांदर?" शेषराव हसे अन् पुढच्या पाटीवर आणखी लंबी शेपटी काढे.

आता प्लांटचा माणूस रिटायर झाला का कंपनीचं क्वार्टर सोडा लागते. सेक्टर दोनमध्ये सारा जन्म गेला, अन् सवताची म्हणून एक भिंत नाही. त्यानं होतं नव्हतं ते सगळं कुरुदच्या एका घरात टाकलं. दोन मजले. वर तो अन् वसुंधरावहिनी राहणार, खालचा भाड्यानं देणार. पेन्शन नावापुरतीच, म्हणून भाडं आलं तरच चूल पेटणार, असा हिशेब. कुरुदचा रस्ता दर खेपेले डांबर टाकून टाकून उंच होत गेला, अन् खालचा मजला जमिनीत गेल्यासारखा झाला. गेटातून सहा पायऱ्या उतरा लागे. घर मात्र स्वस्तात भेटलं. कावून स्वस्त, हे त्यानं विचारलं नाही. संगं मी होतो, मीही नाही विचारलं. मले ते अजून डाचते.

गेटावर त्यानं सवताच्या हातानं पाटी रंगवून लावली, 'मकान खाली है'. हिंदीत, कावून का इकडं सारे हिंदीवालेच, म्हणजे सगळ्याइले वाचता येईन. भाडेकरूही लगेच भेटले. नवराबायको, नवीनच लग्न झालेले. सकाळी सातले सामान घेऊन येणार होते.

तारीख सांगतो. एकोणीस नोव्हेंबर दोन हजार एकोणीस, मंगळवार. रात्री साडेनऊ. शेषराव स्कूटरवर निघाला. काम काय, तर खालच्या मजल्यावर बल्ब लावाचा अन् मोटर चालू करून टाकी भराची. वहिनीले म्हणाला, "उशीर झाला तर तिथंच वरच्या खोलीत झोपून जातो." म्हणून रात्री कोणी त्याले शोधाले गेलं नाही.

फोन राहिला स्कूटरच्या डिक्कीत. कुलूप किल्लीसकट खिशात. चॅनल गेट सरकवलं, पायऱ्या उतरला. मोटरचं बटण आतल्या खोलीत. अंधारात भिंत चाचपडत गेला, बटण दाबलं. मोटर घरघरली... अन् बंद पडली. लाईट गेली होती.

आता जशी गेली आहे न, तशीच.

तो वळला. तेवढ्यात वर चॅनल गेट सरकल्याचा आवाज आला. कर्र... शेषरावले वाटलं, वहिनीनं कोणाले पाठवलं असन. वरून एका माणसानं आवाज दिला, हिंदीत.

"मकान खाली है?"

शेषरावनं तोंड उघडलं. पण त्याच्याआधी कोणीतरी बोललं. बाजूले. हातभरावर. म्हाताऱ्या बाईचा आवाज, आपल्यासारखीच बोली.

"हाव बापा... खाली आहो."

वर कुलूप लागलं. खट्.

पावलं दूर गेली.

शेषराव पायऱ्या चढून गेटावर धावला. गज हलवले. ओरडला. रस्त्यावर कोणी नाही. बोंबलून बोंबलून घसा बसला. लोखंडी गेट ते, काय वाकते. हात बाहेर काढून त्यानं कुलूप चाचपलं. गंजलेलं, मोठं. त्याचं कुलूप तर त्याच्याच खिशात होतं.

खाली कोणी तरी पाय ओढत चालत होतं.

तो वरच्या पायरीवर बसला, पाठ गेटाले लावून. रात्रभर. अधूनमधून खालून आवाज ये. रागाचा नाही, लेकाहो. समजावल्यासारखा.

"येतीन न ते... त्याइनं विचारलं न..."

मंग चूप.

मंग एक पायरी वर.

"मी सांगतलं न त्याइले... येतीन..."

चूप.

आणखी एक पायरी.

शेषराव मले म्हणे, "पुंडलिक, सहाच पायऱ्या होत्या रे. मी मोजत होतो."

...

पाचवीवर असताना उजाडलं.

सातले भाडेकरू आले. त्या पोरानं पाटी पाहिली अन् गेटातून आवाज दिला, "अंकल, मकान खाली है ना?" शेषराव समोर बसला होता, गजांच्या आत, डोळे उघडे. पण त्याच्या तोंडून शब्द निघेना. हो म्हणावं तर... नाही म्हणावं तर... त्यानं नुसतं डोकं गजावर आपटणं सुरू केलं. ते पोट्टे सामानासकट पळाले. वहिनी आली, लोहार आणला, कुलूप कापलं.

शेजारच्या सुनिताबाईनं मंग तोंड उघडलं. खाली आधी भागाबाई राहे. गोंदियाकडची, रेल्वेतल्या माणसाची विधवा, एका पायानं अधू. जुन्या मालकाले घर विकाचं होतं. त्याले मराठी समजे नाही. त्याच सालच्या मे महिन्यात गेटावर येऊन त्यानं विचारलं, मकान खाली है? त्याले म्हणाचं होतं, रिकामं झालं का. तिले वाटलं, मालक विचारून राहिला, भागाबाई खाली आहे का. ती म्हणाली, हाव बापा, खाली आहो. त्यानं कुलूप लावलं अन् गावी गेला. शेजारीपाजारी सुट्टीत आपापल्या गावाले, हे बोलणं कानावर पडलेली सुनिताबाईही. पंधरा दिवस...

जाऊ दे. पाणी दे साक्षी.

शेषरावले मी म्हटलं, घर विकून टाक. तो म्हणे, "कोणाले विकू? खरं सांगितलं तर कोणी घेत नाही, खोटं सांगून दुसऱ्याले त्यात टाकणं माह्यानं होत नाही." भाडेकरू भेटेना. क्वार्टर सोडाची तारीख आली. दुसरं घर घ्याले पैसाच नव्हता उरला. शेवटी तो अन् वहिनी त्याच घरात गेले, वरच्या मजल्यावर. कशीतरी पाच वर्षं काढली. पाटी काढाचीही त्याच्यात हिंमत राहिली नाही. 'खाली' हा शब्द त्यानं पुन्हा तोंडातून काढला नाही. खालच्या मजल्याले तो 'तिथं' म्हणे.

मोटर नेहमी वहिनीच चालू करे, पण या दिवाळीले, धनतेरसच्या रात्री, टाकी आटली म्हणून तो सवता तिथं गेला. गेट उघडंच होतं. वहिनीले झोप लागली होती; सकाळी पाहाले गेली, तर सहाव्या पायरीवर पडलेला. डॉक्टर म्हणाला, हार्ट. वहिनी नागपूरले पोराकडे गेली, घर आता दलालाच्या हातात आहे.

तुले दलालानं फोटो पाठवला म्हणत होता न? दाखव बरं.

हा कधीचा? मागच्या महिन्यातला. हाव, हेच घर. ही पाह्य पाटी, 'मकान खाली है'. शेषरावचं अक्षर, ही शेपटी पाह्य.

अन् हा दुसरा? आज सकाळचा? तू सवता काढला, बाहेरून जाताना? मोठा कर. आणखी मोठा कर.

'है' कोणी खोडलं, अभिनव?

रंग ओला आहे, ओघळून राहिला... वाच, साक्षी. माह्यानं नाही वाचवत.

"मामा... 'खाली आहो' लिहिलंय."

अन् 'ह'ची शेपटी?

"...पार खालपर्यंत."