दुखलं तर डावा हात वर करा

तो पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या हातात दुधाचा पेला होता आणि पेल्यात एक दात होता. दात त्याचा नव्हता. दाताचा मालक मागे उभा होता. दाराएवढा रुंद गडी, तोंडाला टॉवेल लावून मुसमुसत होता.

"सरावात लागला," पेलेवाला म्हणाला. "चूक माझी. दूध गार आहे, साय काढलेली आहे."

अशा प्रसंगी गोष्टींमध्ये बाहेर पाऊस पडत असतो. माझ्याकडे एसी गळत होता. टप... टप... खाली ठेवलेल्या बादलीत. मी दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला आणि मालकाला काही दिवस मऊच खायला सांगितलं. तो आणखी मुसमुसला.

मग पेलेवाल्यानं स्वतःच्या खिशातून एक वस्तू काढली. झिजलेल्या चपलेचा तुकडा असावा असं मला वाटलं. ते त्याचं माउथगार्ड निघालं.

"हे तुम्ही तोंडात घालता?"

"बरीच वर्षं."

त्याचा धंदा मला तेव्हा कळला. जाळीच्या पिंजऱ्यात दोघांना कोंडतात आणि ठोसे, लाथा, कुस्ती, हातपाय पिरगाळणं, सगळं एकाच तिकिटात चालतं. त्यातलं हे जुनं खोड. कान कोबीच्या गड्ड्यासारखे सुजून तसेच राहिलेले, डावं कोपर सरळ न होणारं, आणि एक भुवई मधोमध तुटलेली. त्या भुवईमुळे तो कायम काहीतरी विचारतोय असं वाटायचं. मी उत्तरं देत गेले, तिथे घोळ झाला.

नव्या माउथगार्डसाठी दातांचं माप घ्यावं लागतं. मी त्याला खुर्चीत आडवा केला आणि रोजचं वाक्य म्हटलं, "दुखलं तर डावा हात वर करा."

"त्याची सवय नाही," तो म्हणाला.

मग तोंडात गुलाबी लगदा भरल्यावर मी त्याला विचारलं की इतकी वर्षं मार खाऊन तुम्हाला मिळालं काय. तोंड भरलेल्या माणसाला प्रश्न विचारायची आम्हा दंतवैद्यांना खोडच असते. त्यानं माझ्याकडे पाहिलं... नुसतं पाहिलं. लगदा घट्ट व्हायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा मी तो जरा जास्तच ठेवला.

माउथगार्ड झालं. चार दिवसांनी तो आला. डावीकडे टोचतंय. मी तपासलं, काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात उजवीकडे. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणे, ते घालून बोलायला जमत नाही.

"ते घालून तुम्ही बोलता कोणाशी?"

त्यानं विचार केला. "तसं कोणाशीच नाही. पण वेळ आली तर..."

आता याचा अर्थ काय घ्यायचा? मी शिकलेली बाई आहे, अर्थ घेतला. म्हटलं, समोर कॉफी चांगली मिळते. त्यानं हातातलं मासिक होतं तिथे ठेवलं, सराव आहे म्हणाला आणि निघाला. निघाला म्हणजे उलटा निघाला. माझ्यावरची नजर न काढता पावलापावलानं मागे सरकत, पाठीनं दार ढकलून. मला वाटलं, संपलं. पुढच्या आठवड्यात पुढचा दात हुळहुळतो म्हणून हजर.

आईला सगळं सांगावं लागतं, कारण ती निवृत्त मुख्याध्यापिका आहे आणि न सांगितलेलंही तिला कळतं.

"करतो काय?"

"मारामारी."

"सरकारी की खासगी?"

"पिंजऱ्यात असते."

"म्हणजे खासगी," आई म्हणाली आणि थोडी हिरमुसली. मग तिनं निकाल दिला की जो माणूस कॉफीला नाही म्हणून मागे सरकतो त्याला नकोय. मी विचारलं, मग येतो कशाला? तर म्हणाली, दात खराब असतील. दात उत्तम आहेत, हे मी शपथेवर सांगितलं. मग तिलाही कळेना. आई निरुत्तर झालेली मी पहिल्यांदा पाहिली आणि प्रकरण गंभीर आहे हे माझ्या लक्षात आलं.

दुपारच्या सुट्टीत मी फोनवर त्याच्या जुन्या लढती पाहायला लागले. एका हातात डबा, दुसऱ्यात रक्तपात. सगळ्यांत तो तेच करत होता — मागे सरत होता. समोरचा धावून यायचा, हा गोल फिरत मागे. समोरचा हवेत ठोसे मारायचा, हा अर्धं पाऊल मागे. लोक त्याला चिडवायला 'कासव' म्हणायचे आणि पुढे तेच नाव पडलं. मग समोरचा दमून एकदा जरा जास्त पुढे झुकायचा, आणि हा कुठूनसा आत शिरून त्याला मिठीत घ्यायचा. त्यानंतर त्या माणसाचं काही खरं नसायचं. डबा गार व्हायचा.

एकदा तो माउथगार्ड माझ्याकडेच विसरला. विसरला की ठेवून गेला, हाही एक प्रश्नच. मी ते घेऊन त्याच्या तालमीच्या हॉलवर गेले. निळ्या गाद्या, मोज्यांचा आणि मलमाचा वास, गळ्यात शिट्टी अडकवलेले त्याचे म्हातारे, काटकुळे प्रशिक्षक. गादीवर कासव एका तरण्याबांड पोरापुढे मागे सरत होता.

"हे असे सारखे पळतात का हो?" मी शक्य तितक्या वैद्यकीय आवाजात विचारलं.

"पळत नाही, डॉक्टर. जागा करतो. समोरच्याला यायला जागा नको?" ते म्हणाले. "ज्याच्यात दम नाही त्याला हा पहिल्या मिनिटाला उरकतो. ज्याला मानतो त्याच्यापुढेच मागे सरतो."

"पण हे समोरच्याला कळणार कसं?"

"कळत नाही. म्हणून तर इतकी वर्षं टिकला."

मग त्यांनी मला त्या खेळाचा एक नियमही सांगितला. असह्य झालं की समोरच्याच्या अंगावर हातानं थोपटायचं. म्हणजे हरलो. थोपटलं की त्यानं पकड सोडायची — लगेच, त्यात हयगय नाही. कासवानं आजवर कधीच थोपटलं नव्हतं. डावं कोपर त्यातच गेलं. हात मोडत आला तरी गडी गप्प. शेवटी पंचांनी लढत थांबवली.

"आता एकच लढत राहिली," प्रशिक्षक म्हणाले. "महिनाअखेर. मग बंद."

मी घरी चालत आले. लढती बंद म्हणजे माउथगार्ड बंद. माउथगार्ड बंद म्हणजे टोचणं बंद. आमचं सगळंच त्या रबराच्या तुकड्यावर चाललं होतं, आणि ते नेमकं काय चाललं होतं हे मला अजून कळायचं होतं.

लढतीआधी तो शेवटचा आला, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "लढत झाली की दाखवायला या."

"लढत झाल्यावर... माउथगार्ड कशाला लागेल?"

"नाही लागणार."

"तेच," तो म्हणाला. तुटकी भुवई वर गेली, आणि पाठीनं दार उघडलं.

लढत मी आणि आईनं फोनवर पाहिली. आई आधी उशीआड होती. दुसऱ्या फेरीत उशी गेली. तिसऱ्यात ती त्याला डावा पाय आवर म्हणून दटावत होती. तो मागे सरला, सरला, सरतच राहिला. मिठी काही जमली नाही. एकदा समोरच्या पोरानं त्याचा गळा आवळला, चेहरा जांभळा झाला. आई पुटपुटली, थोपट रे बाबा. नाही थोपटलं. घंटा झाली आणि तो गुणांवर हरला. मागे सरणारा माणूस पंचांना आवडत नाही. पंचांचं आणि माझं चांगलं जमलं असतं.

मग तो आला नाही. एसी दुरुस्त झाला. दवाखान्यात इतकी शांतता झाली की मला बादलीची आठवण यायला लागली.

आणि एका सकाळी दार उघडलं. एक डोळा सुजून मिटलेला, हातात दुधाचा पेला. मी आत वाकून पाहिलं. दात नव्हता. माउथगार्ड होतं.

"हे दुधात कशाला?"

"दात दुधात ठेवतात. याचं काय करतात ते माहीत नव्हतं."

"टोचतंय?"

"नाही." त्यानं पेला टेबलावर ठेवला. "कधीच टोचलं नव्हतं."

यावर एखाद्या शहाण्या बाईनं काहीतरी म्हटलं असतं. मी गोंधळले की कामाला लागते. मी म्हटलं, बसा, जबडा बघू. त्याला आडवा केला, आरसा तोंडात घातला, आणि सवयीनं तोंडून गेलं, "दुखलं तर डावा हात वर करा."

आणि त्यानं हात वर केला. तो सरळ न होणारा डावा हात अर्ध्यातच थांबला, हवेत जरा घुटमळला... आणि माझ्या मनगटावर आला. हलकेच थोपटलं. एकदा, दोनदा, तीनदा.

मी चटकन दोन्ही हात काढून घेतले. "कुठे दुखलं?"

"कुठेच नाही."

"मग थोपटलंत कशाला? ते तर..." डोक्यात पिंजरा, शिट्टी, आई, उशी सगळं एकदम फिरलं.

तो माझ्या दूर झालेल्या हातांकडे पाहत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा माझ्यासारखा दिसत होता — काही म्हणजे काही न कळलेला.

"तुम्ही सोडलंत," तो म्हणाला.

"नियम आहे. थोपटलं की सोडायचं. लगेच."

"हो. नियम आहे खरा. मी पहिल्यांदाच करतोय हे. माझं चुकलं असेल."

आता मागे सरायला त्याच्याकडे जागा नव्हती. खुर्ची आडवी होती आणि ती पायाखालच्या बटणावर चालते. बटण माझ्याकडे होतं.

मी हातमोजा काढला. त्याचा हात अजून हवेत तसाच, वाकडा, उघडा राहिला होता. मी तो धरला.

"पुन्हा थोपटून बघ," मी म्हटलं.

त्यानं थोपटलं. मी नियम मोडला.