ग्लिकोनेरीचं टाकं

मान्थोसने ते वळण मुद्दामच घेतलं. बोट एका कुशीवर कलली, सेवास्ती बाकावरून घसरली आणि दोन्ही गुडघ्यांवर आपटली.

"शेळीला समुद्र सोसत नाही," आरिस म्हणाला. "कड्यावर सोडा तिला, मग बघा कशी उड्या मारते."

सुकाणूवरचा मान्थोस हसला. फोतिसमामाही हसला. दानाईमामी सकाळपासून मोबाइलवर चित्रीकरण करत होती. तिने मोबाइल सेवास्तीकडे वळवला. "हास ना गं जरा. सुट्टीचा दिवस आहे."

सेवास्ती हसली नाही. गुडघा फुटला होता आणि त्यावर खारं पाणी उडून झोंबत होतं. ती बारा वर्षांची होती, लेरोस बेटावर राहणारी. तिची आई शेळ्या पाळायची आणि चीज करून विकायची. मामाचं कुटुंब दर ऑगस्टला अथेन्सहून यायचं, आणि तेरा वर्षांचा आरिस दर वर्षी पहिल्याच दिवशी तिचे कपडे हुंगून सगळ्यांसमोर 'शेळीचा वास' असा निकाल द्यायचा. या वर्षी मामाने मान्थोसची स्पीडबोट अख्ख्या दिवसासाठी घेतली होती. ग्लिकोनेरीला जायचं, पोहायचं, जेवायचं, संध्याकाळी परत. "सेवास्तीलाही पाठव," मामा आईला म्हणाला होता, "मिर्तोकडे लक्ष द्यायला कोणीतरी हवंच."

मिर्तो ही आरिसची धाकटी बहीण, दहा वर्षांची. तिने काही न बोलता आपला टॉवेल सेवास्तीच्या गुडघ्यावर दाबून धरला.

ग्लिकोनेरीवर माणूस राहत नाही. खाली पांढरी चौपाटी, वर टेकडीवर खोलीएवढं चर्च, त्याच्यामागे पावसाचं पाणी साठवायचं दगडी टाकं, आणि गावातल्या थेमेलिना आजीच्या, बेटभर हिंडणाऱ्या चौतीस शेळ्या. बोट किनाऱ्याला लागली की गळ्यातल्या घंटा वाजवत त्या खाली धावत यायच्या, कलिंगडाच्या साली मागायला. आज एकही आली नाही. घंटेचा आवाज नाही. वाऱ्यावर मात्र गोडसर, कुबट वास होता.

"ई, कसला वास?" मामीने नाक दाबलं.

"शेवाळ कुजलंय," मान्थोस म्हणाला. "तिकडच्या टोकाला बसू, तिथे येत नाही."

मोठी माणसं छत्री रोवण्यात गुंतली. मिर्तोने सेवास्तीचा हात ओढला. "ती बघ एक. समुद्राचं पाणी पितेय."

खडकांच्या कडेला एक करडी शेळी उभी होती. पुढचे पाय पाण्यात, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ती एक घोट घ्यायची, मान झटकायची, पुन्हा तोंड घालायची.

"शेळी समुद्राचं पाणी पीत नाही," ती म्हणाली. "मरायला टेकल्याशिवाय नाही."

"तुला बरं माहीत," आरिस म्हणाला. "घरातलीच गोष्ट."

"वर टाक्यापर्यंत येतोस? की घाबरतोस?"

आरिसला घाबरट म्हटलेलं चालायचं नाही. तो निघाला. मिर्तो मागोमाग.

पहिली मेलेली शेळी वाटेवरच होती. दुसरी तिच्यापासून दहा पावलांवर. तिघं टाक्यापाशी पोचली. पाणी पाजायची दगडी डोण कोरडी खडखडीत होती आणि तिच्याभोवती शेळ्या पडल्या होत्या, काहींची तोंडं अजून डोणीच्या काठावर टेकलेली. माश्यांचा नुसता घोंघाट. टाक्याच्या लोखंडी झाकणावर, कडेच्या दगडावर, सगळीकडे खुरांचे ओरखडे होते. सावलीत दहा-बारा शेळ्या जिवंत होत्या. त्यांनी माणसं बघितली, पण उठल्या तीनच.

मिर्तो बाजूला जाऊन ओकली.

"पाणी आटलं असेल," आरिस हळूच म्हणाला.

सेवास्ती झाकणाकडे बघत होती. त्याला नवंकोरं पितळी कुलूप होतं. या टाक्याला कधीच कुलूप नव्हतं. कुणीही यावं, पोहरा टाकावा, प्यावं. तिने एक खडा उचलला, झाकण आणि दगड यांमधल्या फटीतून आत सोडला.

डुबुक.

तिघांनीही तो आवाज ऐकला. शेळ्यांनीही ऐकला. एका करडाने मान उचलली आणि ते बारीक आवाजात ओरडलं.

"पाणी आहे," आरिस म्हणाला. "मग कुलूप कशाला?"

उत्तर चर्चच्या मागे होतं. ताडपत्रीखाली आरामखुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या, पन्नास-साठ तरी. गवताच्या छत्र्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर निळ्या अक्षरांत 'गालिनी' असं छापलं होतं. मान्थोसच्या बोटीचं नाव.

सेवास्तीला सगळं एकदम उमगलं. बेट थेमेलिना आजीकडे होतं ते चराईसाठी. शेळ्या संपल्या की बेटावरचा तिचा हक्कही संपला. जुलैमध्ये आजी पायऱ्यांवरून पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा मान्थोसच तिच्या दारात जाऊन म्हणाला होता, "काळजी करू नका. मी प्रवाशांना घेऊन तिकडे जातोच. दर तिसऱ्या दिवशी डोण भरत जाईन." आजीने त्याला चीजचा अख्खा गोळा दिला होता. आणि अजूनही, तो धक्क्यावर दिसला की ती खिडकीतून विचारायची, "माझ्या पोरी बऱ्या आहेत ना रे?" त्यावर तो हात हलवून म्हणायचा, "लठ्ठ झाल्यात."

"काय शोधताय?"

मान्थोस मागे उभा होता. हसत होता, पण डोळ्यांत हसू नव्हतं.

"शेळ्या मेल्यात," मिर्तो म्हणाली.

"दुष्काळ आहे. मरतात शेळ्या." त्याने पायाजवळचं करडू बुटाच्या टोकाने उलटं केलं. ते जिवंत होतं. "आणि तुम्ही खाली चला. इथली काही बडबड तिकडे केलीत, तर परत जाताना बोटीत तिघांना जागा नसेल. कळलं? इथेच राहा मग यांच्यासोबत."

खाली येताच आरिसने बापाला सगळं सांगितलं. कुलूप, खडा, खुर्च्या. फोतिसमामा ऑक्टोपसचा तुकडा तोंडात टाकता टाकता ऐकत होता.

"जनावरांचं गावकऱ्यांनी बघावं," तो म्हणाला. "वर्षातून एकदा मला असा दिवस मिळतो. तो नासवू नका."

"बाबा, तो म्हणाला, आम्हाला इथेच सोडून जाईन."

"चेष्टा केली असेल. तू सेवास्तीची चेष्टा करतोस तेव्हा मी काही म्हणतो का?"

आरिसने सेवास्तीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तिघं खडकाच्या आड जाऊन बसली. "मोठे वर येणारच नाहीत," आरिस म्हणाला. "आणि आले तरी तो म्हणेल, कुलूप माझं नाही."

सेवास्ती किनाऱ्याला बांधलेल्या बोटीकडे बघत होती. सुकाणूजवळ किल्ल्यांचा जुडगा लोंबत होता. पाण्यात पडला तर तरंगावा म्हणून त्याला बुचाचा लाल गोळा होता. "त्या जुडग्यात किती किल्ल्या आहेत?" तिने विचारलं.

मिर्तोची नजर तीक्ष्ण होती. "तीन. एक छोटी, नवी. पिवळी."

"तो जुडगा वर नेला, तर सगळ्यांना वर यावंच लागेल," सेवास्ती म्हणाली. "त्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. पण किल्ली आधी लावायची नाही. आधी त्यालाच सगळ्यांसमोर बोलू द्यायचं."

मिर्तो उठली. एवढंसं तोंड करून मान्थोसपाशी गेली आणि म्हणाली, "माझी टोपी बोटीत राहिली, घेऊ?" तो निखाऱ्यांवर मासे उलटत होता. त्याने नुसती मान हलवली. मिर्तो टोपी घालून परत आली. टोपी जरा जास्तच फुगली होती.

तिघं पळत सुटली. अर्ध्या चढावर असताना खालून मान्थोसची पहिली शिवी ऐकू आली.

तो धापा टाकत वर आला तेव्हा लालबुंद झाला होता. त्याच्यामागून चिडलेला मामा आणि नाकाला रुमाल लावलेली मामी. टाक्याभोवतीचं दृश्य पाहून मामी जागच्या जागी थांबली.

"किल्ली दे," मान्थोस म्हणाला.

सेवास्तीने जुडगा धरलेला हात पाठीमागे नेला. "देते. आधी सांगा, हे कुलूप कुणाचं?"

"नगरपालिकेचं. कुणी आत पडू नये म्हणून."

"किल्ली?"

"त्यांच्याकडे. माझ्याकडे कुठली? आणि आत थेंब नाही. जूनमध्येच टाकं आटलं."

"मामा, ऐकलंत ना?" सेवास्ती म्हणाली. "मामी, तुमचा मोबाइल चालू आहे ना?"

मामीचा मोबाइल सकाळपासून चालूच होता.

सेवास्ती झाकणाकडे वळली. मान्थोसने झडप घालून तिचं मनगट पकडलं आणि पिरगळलं. ती किंचाळली. आरिस त्याच्या हाताला चावला. मान्थोसने त्याला असं झटकलं की तो डोणीवर जाऊन आदळला. मामा तसाच उभा होता, मासा पकडलेल्या माणसासारखे दोन्ही हात पुढे करून. पुढे आली ती मामी. मोबाइल खाली न घेता ती मान्थोस आणि सेवास्तीच्या मध्ये शिरली. "सोड तिला. तुझा चेहरा नीट येतोय यात."

मान्थोसने हात सोडला. पिवळी किल्ली कुलपात गेली, फिरली, आणि कुलूप टक्कन उघडलं. आरिस आणि सेवास्तीने मिळून झाकण लोटलं. आत हातभर खाली काळंभोर, गार पाणी होतं. वाकलेल्या पोरांचे चेहरे त्यात दिसले.



"महिन्याभरात म्हातारीने आपणच सोडलं असतं बेट," मान्थोस अखेर म्हणाला. "शंभर माणसांना इथे काम मिळालं असतं. चार शेळ्यांसाठी रडताय." तो झाडाखाली जाऊन बसला. किल्ली नव्हती, तो जाणार तरी कुठे होता?

बेटावर मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून मामी आणि मिर्तो खाली बोटीत गेल्या आणि वायरलेसवरून बंदर पोलिसांना बोलावलं. वर सेवास्तीने बर्फाच्या डब्याला दोर बांधून पाणी काढलं.

"थोडंच पाजायचं," ती आरिसला म्हणाली. "चार घोट, मग थांबायचं. इतक्या तहानेवर पोटभर दिलं तर मरतात. आई सांगते."

आरिसने मान डोलावली. पण मान्थोसने लाथाडलेलं ते करडू त्याच्या मांडीवर होतं. ते त्याच्या ओंजळीत तोंड खुपसून पीत होतं. ओंजळ रिकामी झाली की बोटं चोखत होतं. सेवास्तीची पाठ वळली की तो पुन्हा ओंजळ भरायचा. त्याला वाटलं, एवढंसं तर आहे, किती पिणार. तासाभराने करडू ताठ झालं, पाय झाडायला लागलं, त्याचे डोळे फिरले. आरिस सेवास्तीला हाका मारत राहिला. तिने येऊन त्याचं डोकं धरलं, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते मरायला बराच वेळ लागला.

पोलिसांची बोट आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोन शिपायांनी थेमेलिना आजीला खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं. तिला घरीच थांबायला सांगितलं होतं, पण तिने ऐकलं नाही. आजी रडली नाही. तिने मेलेल्या एकेकीचं नाव घेतलं. नावं संपेपर्यंत शिपायांचे अधिकारी टोपी काढून उभे होते. मग आजीने मान्थोसकडे पाहिलं.

"लठ्ठ झाल्यात म्हणालास," ती म्हणाली. "माझ्या हातचं चीज खात म्हणालास."

शिपाई मान्थोसला खाली घेऊन गेले.

अधिकाऱ्यांनी मामीचं चित्रीकरण दोनदा पाहिलं. "आधी नकार घ्यायचा आणि मग किल्ली लावायची, हे कुणाला सुचलं?" मिर्तोने सेवास्तीकडे बोट दाखवलं. "माझ्या हाताखालच्या निम्म्या लोकांना सुचलं नसतं," ते म्हणाले आणि त्यांनी तिघांशी मोठ्या माणसांसारखं हस्तांदोलन केलं.

"आमची सेवास्ती पहिल्यापासून हुशार," फोतिसमामा म्हणाला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. सेवास्ती डोणीकडे वाकली. मामाचा हात तसाच हवेत राहिला.

आजीची नजर आरिसच्या मांडीवर गेली. करडाचं पोट टम्म होतं, तोंड ओलं.

"याला पाणी कुणी पाजलं?"

सेवास्तीने वर पाहिलं. ती काही बोलली असती, तर सकाळपासूनच्या सगळ्या चेष्टेचं उट्टं एका वाक्यात निघालं असतं. तिने ओठ मिटून घेतले.

"मी," आरिस म्हणाला. त्याचं तोंड वाकडं झालं. "तिने सांगितलं होतं, थोडंच दे. मी ऐकलं नाही."

आजीने त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या वयाची असताना मी चार मारली अशी. एका दुपारी. लाडाने." तिने खुर्चीच्या हातावर जोर देऊन अंग पुढे वाकवलं, करडाचे डोळे बोटांनी मिटले. "तुला कुणी मारणार नाही. पण तू हे विसरायचंही नाही."

मग तिने सावलीतल्या शेळ्या मोजल्या. बोट दाखवत, हळूहळू, दोनदा.

"अकरा उभ्या आहेत," ती सेवास्तीला म्हणाली. "मी इथे पोचेपर्यंत एकही उरली नसती. आईला सांग, मुलगी चांगली शिकवलीस." आणि लगेच शिपायांकडे वळली. "आता चर्चमधली फावडी आणा. दिवस आहे तोवर तेवीस खड्डे काढायचेत."

पहिलं फावडं आरिसने घेतलं. दुसरं सेवास्तीने. जमीन दगडासारखी होती.