रोजचा एक बावळट प्रश्न

"मॅडम, एक विचारू? हा हेल्मेटचा पट्टा कुठल्या बाजूने बांधायचा?"

पहिल्या रांगेतून प्रश्न आला आणि सगळे खो-खो हसले. मी शहराबाहेर, छाणी गावाच्या पुढच्या एका केमिकल प्लांटमध्ये नवी सेफ्टी ऑफिसर. शिफ्ट सुरू होण्याआधी रोज पाच मिनिटं कामगारांसमोर उभं राहून सुरक्षेवर बोलायचं. ते जमलं तर नोकरी कायम, नाहीतर बसा नागरवाड्यात घरी. आणि मी पहिल्याच सकाळी "सुप्रभात" म्हणून जी गप्प झाले, ती झालेच. समोर नुसती पिवळी हेल्मेटं. आई म्हणते ते खोटं नाही… आमची कांचन घरात वाघीण, दाराबाहेर शेळी.

पण त्या प्रश्नाने माझं डोकंच फिरलं.

"एवढं काम करता आणि पट्टा बांधता येत नाही? हनुवटीखाली बांधायचा. नुसता अडकवायचा नाही, ओढून बघायचा." मी जी बोलत सुटले, ती भोंगा झाला तेव्हाच थांबले.

नंतर कँटीनमध्ये तो चहा घेऊन समोर येऊन बसला. अनय, मेंटेनन्समधला. गालाला खळी, आणि पट्टा अगदी नीट बांधलेला.

"बांधता येतो की तुम्हाला," मी म्हटलं.

"येतो ना. पण तुम्हाला राग आला की आवाज फुटतो. बघितलं मी."

"फार हुशार समजता स्वतःला?"

"छे हो. शाळेत भाषण अर्धं सोडून स्टेजवरून पळालो होतो मी. घाबरलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं." मग हळूच म्हणाला, "भीती जात नाही, मॅडम. असू द्या तिला. एवढ्या सगळ्यांशी बोलायला जाऊ नका. एकाशी बोला. माझ्याशी भांडा."

भांडले. मी अडले रे अडले, की त्याचा एक बावळट प्रश्न यायचा. "हातमोजे धुऊन इस्त्री करायचे का?" मी चिडायची, बोलायला लागायची. पुढे पुढे प्रश्नाची गरज उरली नाही, तरी मी मध्येच मुद्दाम थांबायची… त्याचा आवाज ऐकायला. त्यालाही ते कळायचं. खळी सांगायची ना.

नोकरी कायम झाली त्या संध्याकाळी लहरीपुऱ्याच्या बाजारात एका गाडीवर सेव-उसळ खाल्ली. तिखटाने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. त्याने रुमाल पुढे केला आणि मॅडमची कांचन झाली.

आणि मग त्याला ओमानच्या कंपनीचं बोलावणं आलं. तीन वर्षांचा करार. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच गाडीपाशी उभे होतो. उसळ कोणीच खात नव्हतं.

"आज खरा प्रश्न विचारतो," तो म्हणाला. "जाऊ मी? कंपनीला अजून नाही म्हणता येतं. तू थांब म्हण, मी थांबतो. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

थांब. एवढंच तर म्हणायचं होतं. देवाशप्पथ, जिभेवर होतं. पण पहिल्या सकाळसारखंच झालं… अख्ख्या शिफ्टसमोर बोलणारी मी, एका माणसासमोर मुकी झाले.

तो थांबला. खूप वेळ थांबला. मग कसंनुसं हसून म्हणाला, "बरं, मॅडम… पट्टा कुठल्या बाजूने बांधायचा?"

मला बोलतं करायला बघत होता बिचारा. पण राग आलाच नाही. रडू आलं, नुसतं रडू.

"रडू नकोस गं. जा म्हणायला जड जातंय ना? कळलं मला."

काही कळलं नव्हतं त्याला. अगदी उलटं कळलं होतं. रुमाल माझ्या हातात ठेवून तो बाजाराच्या गर्दीत निघून गेला, आणि मी हाकही मारू शकले नाही.

सकाळी पुन्हा उभी राहिले. पहिल्या रांगेत त्याची जागा तशीच मोकळी ठेवलेली. "सुप्रभात" म्हटलं आणि थांबले. या वेळी मुद्दाम नाही.

मग प्रतापसिंहकाकांनी, आमच्या सगळ्यात जुन्या फिटरने, घसा खाकरला. "बेन, हा पट्टा… कुठल्या बाजूने बांधायचा?"

कोणी हसलं नाही.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"अनय सांगून गेलाय. मॅडम अडल्या की कोणीतरी विचारायचं. पाळ्या लावून दिल्यात त्याने. आज माझी."

मी त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. "हनुवटीखाली," मी म्हटलं. "आणि ओढून बघायचा, काका. सैल राहिला तर ऐन वेळी सुटतो." डोळे वाहत होते, पण बोलले, पाचही मिनिटं बोलले. आवाज खणखणीत आला.

तोवर त्याचं विमान अहमदाबादहून सुटलं होतं. फोनवर सांगता येईल, सांगेनही. पण त्याला समोरासमोर ऐकायचं होतं, आणि माझा आवाज एक रात्र उशिरा आला.