चार वाजता येणारी मावशी

घरी रुग्ण सांभाळायला बायका पुरवणाऱ्या कचेरीत मी चौकशीचं काम करते. बाई कामाला लावायच्या आधी तिची सगळी कुंडली काढायची, पोलिसांच्या दाखल्यापासून जुन्या घरांपर्यंत. लोकांच्या आईबापांसाठी हे चोख केलं. स्वतःच्या आईच्या वेळी मात्र फोनवर भागवलं. त्या बाईने आईच्या दंडावर चिमट्यांचे काळेनिळे डाग ठेवले. आई अंथरुणाला खिळलेली, सांगणार कोणाला? तेव्हाच ठरवलं, आता स्वतः जाऊन खात्री केल्याशिवाय कोणालाही तिच्या खोलीत पाऊल टाकू द्यायचं नाही.

म्हणून त्या दुपारी नवी मावशी आधी जिथे कामाला होती, त्या घरी गेले. सकाळीच ती अर्ज देऊन गेली होती. कागद स्वच्छ, बोलणं मऊ. पण मी कागदाला भुलत नाही, नखं बघते. म्हाताऱ्या माणसाची नखं कापायला जीव लावावा लागतो. कामचुकार बाई तिथेच पकडली जाते.

दार त्या घरच्या सुनेने उघडलं आणि मला आजोबांच्या खोलीत सोडून ती स्वयंपाकघरात गेली. पडदे ओढलेले, औषधांचा आणि ओल्या टॉवेलचा वास. मी आजोबांचा हात हातात घेतला. नखं आताच कापल्यासारखी.

"मावशी कशा आहेत हो?"

"देवमाणूस. रोज चारला येते... हात इतका हलका, कळतसुद्धा नाही." मग त्यांनी माझी बोटं चाचपली. "पोरी, तुझी फार वाढलीत गं. सांगतो तिला."

वाढली होती खरी. घरचं करता करता स्वतःकडे बघायला सवड कुठे होती?

बाहेर येऊन सुनेला अर्जावरचा फोटो दाखवला. "या अजून येतात तुमच्याकडे?"

तिने दाराची कडी घट्ट धरली. "त्या वर्षापूर्वीच गेल्या... बाबांच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या. हातात नेलकटर होतं."

"मग बाबांची नखं?"

"आम्ही नाही कापत..." ती कुजबुजली.

मी तशीच बाहेर पडले. तिथेच जिन्यात उभी राहून मी अर्जावर 'नामंजूर' लिहिलं आणि सही ठोकली. जिवंत असो की मेलेली, माझ्या आईच्या वाटेला ती जाणार नाही, म्हणजे नाही!

घरी पोचले तेव्हा साडेचार झाले होते. शेजारणीला आईपाशी बसवून गेले होते; कोणी आलं होतं का, तिला विचारलं. "कोण येणार? मी इथून हललेसुद्धा नाही," ती म्हणाली.

आई हसत होती. ते डाग पडल्यापासून पहिल्यांदाच. तिने चादरीवर हात पसरून दाखवले. दहाही नखं नीट कापलेली.

"नवी मावशी छान आहे गं. हात इतका हलका, कळलंसुद्धा नाही..."

"तिला मी नाही म्हटलंय, आई. ती परत येणार नाही."

मी आईच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिले. आता येऊच दे, बघते, म्हणत मुठी घट्ट आवळल्या.

तळव्याला एकही नख टोचलं नाही.