धाकशिळांचा सडा

२०९१ साली घोगळीच्या सड्यावर धाकशिळा उभ्या राहिल्या. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला समुद्राकडे तोंड करून पसरलेलं ते जांभ्याचं उघडं माळरान. त्यावर काळ्या दगडाचे एकशे चाळीस खांब. ते उभारताना ज्यांनी पाहिलं, अशी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

जगानं कोळसा जाळणं सोडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. वीज अणुभट्ट्यांतून येई आणि जळून संपलेलं इंधन भट्ट्यांशेजारच्या पाण्याच्या टाक्यांत साठत राही, शहरांच्या अगदी कुशीत. त्यातल्या एका द्रव्याचा जोर निम्मा व्हायलाच चोवीस हजार वर्षं लागतात. ते पुरायला योग्य जमीन प्रत्येक देशाकडे नव्हती, म्हणून नऊ देशांनी मिळून करार केला. एकानं तांब्याची जाड पिंपं दिली, एकानं बोगदे खोदणारी यंत्रं, आणि आपण खडक दिला. सहाशे मीटर खोल, जुना, न हलणारा.

कराराच्या अकराव्या कलमानं मात्र सगळ्यांची झोप उडवली. दहा हजार वर्षं तिथे कुणी खणू नये, अशी व्यवस्था हवी होती. ती विजेवर चालणारी नको, पहारेकऱ्यांच्या भरवशावर नको आणि लिहिलेलीही नको. राज्यं जातात, भाषा मरतात. कोकणातल्याच सड्यांवर फार फार पूर्वी कुणीतरी खडकात मासे आणि हत्ती कोरून ठेवलेत. त्यांना काय सांगायचं होतं, ते आज कुणालाच वाचता येत नाही.

यावर तोड काढली ती डॉ. इरावती गवाणकर या ध्वनिशास्त्रज्ञ बाईंनी. हवेची कंपनं सेकंदाला विसाच्या खाली गेली की कानाला ऐकू येत नाहीत, पण शरीराला कळतात. छातीत दडपण येतं, डोळ्यांच्या कडेला काहीतरी हलल्यासारखं वाटतं, पाठीमागे कुणीतरी उभं आहे असा भास होतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते. तशीच पाच मीटर खोल पोकळी दगडात पाडली आणि तिच्या तोंडावरून समुद्राचा वारा गेला, तर तो दगड असा न ऐकू येणारा नाद काढतो. रोज दुपारी वारा सुटणार, शिळा घुमणार आणि माणूस तिथून पळणार. यंत्र नाही, अक्षर नाही, नुसता धाक.

करारातर्फे चाचण्या घेणारा तुओमास हा उत्तरेकडच्या एका थंड देशातला उंच, हसरा माणूस होता. त्यानं स्वतःच्या देशातून एकोणसाठ तरुण मुलं आणून शिळांमध्ये उभी केली. ती सगळी दहा मिनिटांच्या आत बाहेर पळाली. साठावा तुओमास स्वतः होता आणि तोही अकराव्या मिनिटाला पळाला, असं इरावती थट्टेनं सांगत असे.

या मंडळींची खानावळ सत्यवती धुरी चालवायची. गावच्या माणसांवर चाचणी घ्यावी, हे कुणाला सुचलं नाही, पण सत्यवतीला सगळी बातमी असे. ताटात सोलकढी वाढता वाढता तिनं एकदा विचारलं होतं, "आमच्याकडे भुतां काय कमी आसत म्हणान तुमी आणिक बांधूक इलास?" सगळे पोट धरून हसले होते. पिंपं खाली उतरली, भुयाराचं तोंड बुजवलं, माणसं आपापल्या देशी गेली.

दहा वर्षांनी, २१०१ साली, तपासणी होती. माणसं सड्यापासून लांब राहतात असं दिसलं, तर शिळा कायम राहणार आणि पुढच्या चार ठिकाणीही तशाच उभारल्या जाणार. माणसं उलट जवळ येत असतील, तर वर्षाच्या आत शिळा पाडायच्या. तुओमासचे गुडघे गेले होते. वर इरावतीनं जावं, आणि ती सांगेल त्यावर दोघांनी सही करावी, असं ठरलं.

सड्याची चढण संपताच इरावतीचे पाय थबकले. पहिल्या शिळेच्या पायाशी नारळ होते. दुसरीपाशी एक धुतलेला सदरा, घडी घालून, वर दगड ठेवलेला. आणि तिसरीला पाठ टेकून सत्यवती धुरी बसली होती.

बोलताना सगळं कळलं. सहा वर्षांपूर्वी तिचा मुलगा दाजी होडीसकट समुद्रात गेला. ना तो सापडला, ना होडी. रानात सरपणाला गेलेली सत्यवती एका दुपारी चुकून शिळांमध्ये शिरली आणि तिला पाठीमागे कुणीतरी असल्याचं जाणवलं. त्या मुलखात असं काही जाणवलं तर माणूस पळत नाही. जे दिसत नाही त्याच्यापुढे नारळ ठेवायचा आणि त्याला काय हवं ते विचारायचं, ही तिथली रीत. तुओमासनं आणलेल्या मुलांना ती ठाऊक नव्हती, आणि इरावतीचं सारं आयुष्य प्रयोगशाळेत गेलेलं.

"भीती नाही वाटली, काकी?"

"वाटली तर. मगे नारळ ठेवलंय आनी इचारलंय, कोण असशीत ता सांग."

"मग? काय सांगितलं?"

"सांगूक कित्याक होया? आवशीक आपलां पोर कळता."

इरावतीनं तिला समजावलं. पोकळी, वारा, कंपनं, बाटलीचा दाखला, सगळं. सत्यवतीनं ते शांतपणे ऐकून घेतलं. वारा आहे हे तिला मान्यच होतं. पण दाजी जेवण वाढेपर्यंत असाच उजव्या खांद्यामागे मुकाट उभा राहायचा, हे वाऱ्याला कुणी सांगितलं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आता गावातली आणखी तीसेक माणसं येत होती. प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं होतंच.

इरावती म्हणाली, "काकी, हे दगड पाडावे लागतील. लोक इथे जमायला लागले तर उद्या घरं बांधतील, विहिरी खणतील. खाली काय आहे ते तुम्हाला माहीत आहे."

सत्यवती उठली. सदऱ्यावरचा दगड तिनं नीट केला.

"एकदा समुद्रान नेल्यान," ती म्हणाली. "आता तुमी नेतलास."

ती उतरून गेल्यावर इरावतीनं मोजणीचं यंत्र मांडलं. सेकंदाला अठरा कंपनं, ठरवली होती तशीच. शिळा चोख काम करत होत्या. वारा वाढला, छातीवर दडपण आलं, आणि तिच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

तिचा नवरा अच्युत पुण्यात गेला, तेव्हा ती याच सड्यावर खांब मोजत होती. निरोप मिळून ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मागे कोण आहे, ते तिला विचारावं लागलं नाही. भास कसा होतो, किती कंपनांना होतो, हे साऱ्या जगात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. वळून पाहिलं तर तिथे काहीही नसणार, हेही ठाऊक होतं. म्हणून ती वळली नाही. वारा पडेपर्यंत तशीच उभी राहिली.

संध्याकाळी तिनं अहवालात लिहिलं की सडा निर्मनुष्य आहे आणि शिळा कायम ठेवाव्यात. तुओमासनं न वाचता सही केली.

तुओमास चार वर्षांनी आपल्या गावी वारला. आपल्या हातून एक चांगलं काम झालं, असं तो शेवटपर्यंत म्हणे. इरावतीनं नोकरी सोडली आणि घोगळीतच घर घेतलं. रोज दुपारी ती वर जाई. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ती तिथेच, शिळेला टेकलेली सापडली. सत्यवती तिच्याही नंतर सात वर्षं जगली. तिच्या खानावळीच्या जागी आता यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आहे. त्या अहवालावरून पुढच्या चारही ठिकाणी शिळा उभ्या राहिल्या, आणि तिथेही माणसं फुलं घेऊन जातात असं ऐकू येतं. कराराचं कार्यालय बंद झालं. अकरावं कलम आता कुणाला पाठ नाही.

२१३८ साली एकामागून एक शिळांच्या पोकळ्या मातीनं बुजल्या आणि सड्यावरची दुपार रिकामी झाली. लोकांनी बरेच दिवस वाट पाहिली. मग कुणीतरी म्हणालं, आपली माणसं खाली गेली असतील. त्याच आठवड्यात सगळं गाव फावडी-कुदळी घेऊन वर गेलं. खणणं अजून चालू आहे. कालपर्यंत ते अठ्ठावन्न मीटरवर पोचले होते.