आधाराची कोरी तारीख

ओइवा आमच्या दारात आला तेव्हा बर्फाळ पाऊस तिरका पडत होता आणि तळ्यावरचा बर्फ कडकड फुटत होता. दोन रात्रींसाठी खोली हवी म्हणाला. बूट काढ, मग बोल, मी सांगितलं. तेवढ्यात माझी नात साइमा कॉफी घेऊन आली, त्याचं नाव ऐकून थबकली.

"म्हणजे माझं लिहिलेलं सारखं पुसणारा... तो तूच?"

"आणि ते परत आणून ठेवणारी तू," तो हसला. "रागीट आहेस हे ठाऊक होतं. बाकीचं — कुणी सांगितलं नव्हतं."

थंडीभर दोघं संगणकावरून, तोंड न बघता भांडत होती. सगळ्यांनी मिळून लिहायचा, फुकट वाटायचा त्यांचा एक प्रोग्रॅमचा प्रकल्प. त्यात नवशिक्यांसाठी तयार साचे. लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देतो तो कंपायलर, आणि त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या येत राहतात. साच्यांत फक्त नवीच ठेवायची, हा ओइवाचा हट्ट. साइमा शिकवते त्या शाळेच्या संगणकांवर नवी चढतच नाही. जुनी काढली की तिची मुलं पहिल्याच पायरीला अडकणार. रविवारी साचे जगासाठी खुले व्हायचे होते. जुनी गेली तर मीही जाते, असं तिनं बजावलेलं.

मग काय, घरात कुणाला चैन नाही. ती खिडकीशी जाई, परत येई, वेलचीचा पाव नुसता चुरत बसे. तो पायऱ्यांवर टंकत राही. सौनालाही, आमच्या वाफेच्या न्हाणीलाही, आला नाही. सौना नाकारणारा पुरुष मला आधीच संशयाचा. एकाची नजर वळली की दुसरा बघे. मी काय आंधळी आहे?

रविवारी बसच्या वेळेला, बूट घालून, त्यानं लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. साचा आता आधी संगणकावर कोणती आवृत्ती आहे ते बघत होता आणि तीच उचलत होता. स्वतःच्या संगणकावर जुनी नवीशेजारी बसवून त्यानं दोन्ही चालवून पाहिल्या होत्या.

जुन्या आवृत्तीला आधार दिला, म्हणजे ती चालू ठेवली, की तो आधार कधी संपणार ती तारीख लिहायची, ही या लोकांची रीत. साइमाचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"तारीख कोरी आहे."

"हो."

"असं चालत नाही. नियम तुझाच आहे."

"लिहायला बसलो... हात होईना. तू भर. नाहीतर — राहू दे तशीच."

तिचे कान लाल झाले. कोऱ्या तारखेसकट तिनं साचे खुले करायचं बटण दाबलं. बाहेर बस थांबली, निघून गेली.

"बूट काढ परत," मी ओइवाला म्हटलं. "आणि आज सौना चुकवलास, तर तिच्याशी जमेल तुझं, माझ्याशी जमायचं नाही."